विमलबाईंच्या घरची कावीळ

बेलापूरच्या मासळी बाजारात विमलबाई आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. दिवाळे गावातून सकाळी पाटी घेऊन आल्या की त्यांच्या ओट्यासमोर कुणाला मुकाट्याने पुढे जाता येत नाही. "ओ मॅडम, कोलंबीकडं बघून तोंड कशाला फिरवता? ती काय तुमची नणंद हाय?" असं म्हटल्यावर माणूस हसतो, थांबतो आणि वाटा घेऊनच जातो. चिखलातल्या निवट्या कशा साफ करायच्या, चिंबोरी भरलेली आहे की पोकळ हे कसं ओळखायचं, सारं विचारा, उत्तर तयार. नवरा नामा होडीवर, मुलगा दिपेश एकोणीस वर्षांचा. आयटीआय झालेला आणि जूनपासून न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात शिकाऊ म्हणून लागणार होता. एकंदरीत देवीने बरं चालवलं होतं.

अशा या बोलक्या बाईच्या तोंडून पाच आठवडे एक खरा शब्द निघत नव्हता.

दिपेशच्या मानेला गाठ आली होती. दुखत नव्हती म्हणून महिनाभर कुणी मनावर घेतली नाही. मग ताप, रात्री अंग घामाने चिंब, पॅन्ट कमरेवरून खाली यायला लागली. गावातल्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं, तिथून खारघरच्या मोठ्या इस्पितळात. गाठीचा तुकडा तपासायला गेला आणि आठ दिवसांनी कागद आला. डॉक्टरांनी नवरा-बायकोला आत बसवून सगळं नीट सांगितलं. कॅन्सर आहे, पण औषधाला ऐकणारा आहे, दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून डोस घ्यायचा, सहा महिने चालेल. विमलबाईंनी पहिला शब्द ऐकला आणि पुढचं सगळं पंख्याच्या आवाजात गेलं.

परतताना रिक्षात नामा एवढंच म्हणाले, "गावात नाय बोलायचं. पोराचं लगीन व्हायचं हाय अजून. आनि तुजी मासली कोन घेल?"

"मग काय सांगू?"

"सांग कायतरी. कावील सांग."

कावीळ! आजारांत त्यातल्या त्यात घरंदाज आजार. सगळ्यांना होते, बरी होते, सोयरीक मोडत नाही. विमलबाईंना तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं. दोघांनाही एक गोष्ट सुचली नाही, ती म्हणजे कावीळ म्हटली की खाडीकाठच्या प्रत्येक घराकडे तिच्यावरचा रामबाण उपाय असतो.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या वेणूबाई उसाच्या रसाचा तांब्या घेऊन दारात हजर. या वेणूबाईंचा ओटा बाजारात विमलबाईंच्या ओट्याला लागून, गेली वीस वर्षं दोघींची गिऱ्हाइकावरून कचकच. पण पोर आजारी म्हटल्यावर त्या विरघळल्या. "पाज गो त्याला. उसासारखं कावीलला दुसरं काय नाय." कुणी मुळ्याचा पाला आणला, कुणी नाकात घालायचं औषध. इस्पितळातल्या नर्सबाईंनी बजावलं होतं की डोस चालू असताना बाहेरचा रस, कच्चं काही नको, पोराची ताकद कमी झालेली असते, साधा जंतूही भारी पडतो. मग विमलबाई काय करायच्या? तांब्या घ्यायच्या, आत जायच्या आणि रस स्वतःच गटागटा पिऊन टाकायच्या. पंधरा दिवसांत त्यांचंच वजन वाढलं.

पहिल्या डोसनंतर दिपेशचे केस उशीवर दिसायला लागले. त्याने एका सकाळी न्हाव्याकडे जाऊन चकाचक डोकं करून घेतलं. गल्लीतल्या बायकांनी विचारलं तेव्हा विमलबाईंच्या तोंडून निघून गेलं, "एकवीरेला नवस बोललेली. केस दिले."

हे मात्र त्यांना फार लागलं. माणसांशी खोटं बोलले ते एक, पण आईच्या नावावर? त्या संध्याकाळी देव्हाऱ्यासमोर बसल्या, वात पेटवली, पण डोळे वर करून तसबिरीकडे बघायची हिंमत होईना. वर बायका विचारायला लागल्या, नवस फेडला तर आम्हाला जेवायला कधी बोलावतेस!

घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. आईबापांनी दिपेशला "गाठ हाय, औषध चालू हाय" एवढंच सांगितलेलं. तोही विचारत नव्हता. भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघत पडायचा. मित्र यायचे, तर "झोपलाय म्हनून सांग" म्हणायचा. विमलबाईंचा जीव कुठे थारा धरत नव्हता. भाकरी करता करता उठून त्याला बघून यायच्या. बाजारात वाटा मांडायच्या आणि भाव सांगायलाच विसरायच्या. विचारायचं खूप होतं. हा बरा होणार का? कामाला जाऊ शकेल का? पुढे लग्न, पोरंबाळं? त्याला हे सांगायचं कसं, आणि सांगितल्यावर त्याने धसका घेतला तर? पण विचारायचं कुणाला? गावात कावीळ. इस्पितळात डॉक्टरांसमोर पोर बाजूला बसलेला. पिशवीतले कागद सगळे इंग्रजीत.

शेवटी दुसऱ्या डोसच्या दिवशी इस्पितळातल्या समुपदेशक बाईंनी त्यांना जिन्यापाशी एकटं गाठून पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली एक चिठ्ठी दिली. खारघरमध्येच एका सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी तरुण पोरांची बैठक असते. सगळी कॅन्सरची. कुणाचे उपचार चालू, कुणाचे संपलेले. "दिपेशला घेऊन जा. त्याच्या वयाचं कुणीतरी भेटू दे त्याला." विमलबाईंनी चिठ्ठी पोलक्यात ठेवली. घरी आल्यावर दिपेशला म्हणाल्या, "एक ठिकान हाय, पोरं जमतात." त्याने मान न वळवता विचारलं, "कसली पोरं? काविलीची?"

त्यांनी चिठ्ठी फ्रिजवर मिठाच्या बरणीखाली ठेवून दिली.

आता तिसरा डोस सोमवारी होता आणि आधीच्या बुधवारी उरणहून गोटीराममामा आले. हे नामांचे मामा, सत्तरीचे, काविळीची माळ घालण्यात उरणपासून पनवेलपर्यंत नाव असलेले. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. कसल्याशा वेलीच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गुंफतात, मंत्र म्हणतात आणि ते कडं डोक्यावर ठेवतात. काड्या सुकत जातात तशी माळ वाढते. कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, आणि पायांतून खाली उतरली की कावीळ उतरली. मामा पैसा घेत नाहीत, मनाने फार मोठा माणूस. भाच्याच्या पोराला कावीळ झालेली लोकांकडून कळली म्हणून रागावूनच आले होते.

"मला सांगायचं नाय? उभ्या तालुक्याची कावील मी उतरवली आनि घरचा पोर इस्पितलात?"

नामा जाळ्याची गाठ मारत राहिले. विमलबाईंनी पाणी आणून दिलं. नको म्हणावं तर का नको?

माळ दिपेशच्या टकलावर बसली. सोबत काढा, रोज पहाटे उपाशीपोटी, चार दिवस, मामांच्या हातून. मामा त्यासाठी मुक्कामालाच राहिले. दिपेश पेला हातात घ्यायचा, "इथं प्यालो की उलटी होते" म्हणून मागच्या दारी जायचा आणि रिकामा पेला घेऊन यायचा. विमलबाई चुलीपाशी उभ्या राहून ते बघायच्या. रस त्यांना पिता येत होता, पण काढा मामांच्या हातातून कसा काढून घ्यायचा?

शनिवारी त्यांनी बाजार लवकर आटोपला, देवळात जाते म्हणून सांगितलं आणि बस धरून खारघरला गेल्या.

हॉलमध्ये आठदहा पोरं. एकाचा पाय लाकडाचा, एकीच्या डोक्यावर फुलाफुलांचा रुमाल. आणि हसत होती मेली! कुणीतरी इस्पितळातल्या उपम्याची नक्कल करत होतं. विमलबाई दारातच थबकल्या. एक उंच मुलगी उठून आली. "या ना मावशी. मी अबोली. सहा वर्षांपूर्वी मला रक्ताचा झाला होता. तुमचं कोण?"

"माजा मुलगा." एवढ्यावरच त्या अडल्या. "त्याला कावील... म्हंजे तसं नाय..."

अबोली हसली नाही. खुर्ची ओढली, चहा दिला आणि म्हणाली, "सावकाश सांगा."

मग मात्र विमलबाईंचं धरण फुटलं. गाठ, कागद, रस, नवस, माळ, सगळं. काढ्याचं नाव निघताच अबोली पुढे झुकली. "काढा? पोटात जातोय? डॉक्टरांना सांगितलंय?"

"नाय."

"मावशी, हे सोमवारी आधी सांगायचं. डोसची औषधंच यकृताला जड असतात. त्यात काढ्यात काय आहे ते कुणाला माहीत? माळ राहू दे गळ्यात, तिचं काही नाही. पण पोटात काही नको. आजपासून बंद."

"बंद केला तर मामांना कारन काय सांगू?"

"खरं."

"तुला बोलायला काय जातं गो?" विमलबाई फिस्कारल्या. मग त्यांनाच वाईट वाटलं. खाली बघत त्यांनी विचारलं, "माजा पोर वाचेल ना?"

"हे मला नका विचारू, मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना विचारा. पण त्याच्यासमोर विचारा. मी अठरा वर्षांची होते तेव्हा आई-बाबा दाराबाहेर जाऊन कुजबुजायचे. मला वाटायचं, मी मेलेच आहे, फक्त मला सांगायचं राहिलंय." तिने कपाटातून एक मराठी पुस्तिका काढून दिली. "वाचून दाखवू?"

"मला येतं वाचायला," विमलबाई ताठ बसून म्हणाल्या. "सातवी झालेली हाय मी."

बसमध्ये त्यांनी सगळी पुस्तिका वाचली. ताप आला तर वाट न बघता इस्पितळ गाठा. शिक्षण, नोकरी यांबद्दल कुणाला विचारायचं. उपचारांचा पुढे मुलं होण्यावर परिणाम होऊ शकतो, त्याबद्दल लवकरात लवकर डॉक्टरांशी बोला. हे शेवटचं वाचून त्यांनी पुस्तिका चटकन मिटली. शेजारी एक कॉलेजची मुलगी बसली होती.

घरी आल्यावर सांगायचंच, असं ठरवून आल्या होत्या. पण ओट्यावर मामा बसलेले, नातवाची चौकशी करावी तसे प्रेमाने म्हणाले, "सूनबाय, मांडीपर्यंत आली बग माल. उद्या उतरते." त्या पिशवी ठेवून चुलीकडे वळल्या. रविवारी पहाटेही पेला दिपेशच्या हातात गेला आणि रिकामा परत आला. विमलबाईंनी देवीला हात जोडले. म्हणाल्या, आई, माझ्या जिभेला लकवा का गं दिलास?

रविवारी संध्याकाळी माळ उतरली. दिपेश उभा राहिला आणि ती पावलांवरून जमिनीवर पडली. गल्लीतल्या सातआठ बायका जमल्या होत्या. वेणूबाईंनी नारळ आणलेला. मामांनी माळ उचलून सगळ्यांना दाखवली. "बगा. हातभर वाढली. एवढी कावील अंगात होती पोराच्या!"

दिपेश सगळ्यांकडे बघून हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, पण ते हसू काही चांगलं नव्हतं. "मामा, उतरली ना पुरी?"

"पुरी!"

"मग उद्या खारघरला जायची गरज नाय. ऐकलंस ना आई? कावील बरी झाली. आता मी इस्पितलात पाऊल नाय टाकनार."

नामांनी जाळं खाली ठेवलं. बायका म्हणाल्या, बरोबर आहे, कशाला उगाच सुया टोचून घ्यायच्या. पोर आईच्या डोळ्यांत रोखून बघत होता. त्याला ठाऊक आहे, विमलबाईंच्या लक्षात आलं. सगळं ठाऊक आहे त्याला, आणि त्याने मला माझ्याच काविळीत बांधून टाकलंय.

"कावील नाय," त्या म्हणाल्या.

आवाज बाजारातला निघाला. पलीकडच्या घरातला टीव्ही कुणीतरी बंद केला.

"कावील नव्हतीच. कॅन्सर हाय त्याला. दोन डोस झाले, उद्या तिसरा. नवसबी बोललेली नाय मी, केस औषधानं गेले. खोटं बोलली मी. देवीच्या नावानं बोलली."

एक बाई आपल्या लेकराला कडेवर घेऊन दोन पावलं मागे सरकली. मामा हातातल्या माळेकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पन मालेनं वाढायचं काय कारन होतं मग?" उत्तराची वाट न बघता ते आत गेले आणि पिशवी भरायला लागले. फार दुखावले होते.

वेणूबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या. "म्हंजे चार आठवडे मी रस आनला तो फुकट?"

"मी प्यायली," विमलबाई म्हणाल्या.

"तरीच! मी बोलली, पोर सुकत चाललाय आनि आय फुगत चाललीय." एक-दोघी तोंडाला पदर लावून फिसकन हसल्या. वेणूबाईंनी नारळ उंबऱ्यावर ठेवला. "उद्या तू खारघरला जानार ना? तुजा ओटा मी मांडते उद्याला. जागा रिकामी ठेवलीस तर दुसरी कोन बसेल." आता ही मदत होती की वीस वर्षांपासून डोळा ठेवलेली जागा घ्यायची संधी, हे विमलबाईंना त्या घटकेला कळलं नाही आणि अजूनही नीटसं कळलेलं नाही.

दिपेश केव्हाच उठून जेट्टीकडे गेला होता. त्या मागोमाग धावल्या. तो दगडावर बसलेला, समोर ओहोटीचा चिखल.

"गावाला सांगलंस," तो म्हणाला. "मला कधी सांगलंस?"

विमलबाई शेजारच्या दगडावर टेकल्या.

"पिशवीतला कागद मी वाचला. मोबाईलवर शोधला. एक बोलतो बरं होतं, दुसरा बोलतो किती वर्सं जगतात. एकटाच वाचत बसलो मी, आई. तुमी दोघं घरात फिरता आनि मी भुतासारखा. मला वाटलं, नायच वाचनार मी, म्हनून बोलत नाय तुमी. मग कशाला जायचं सुया टोचायला?"

"मी काल त्या पोरांकडं जाऊन आली. बैठकीला. इचारलं, माजा पोर वाचेल काय."

"मग?"

"तिथली एक पोरगी बोलली, मला इचारू नका. डॉक्टरला इचारा. दिपेशच्या समोर."

एक होडी दोरीला हिसके देत होती.

"माज्या समोर?" त्याने विचारलं.

"तुज्या समोर."

"आनि तू डॉक्टरला आधी डोल्यानं खुनवायचं नाय."

"नाय खुनवनार. एकवीराआईची शप्पत."

"तिची नको घेऊ शप्पत. तिचं खातं आधीच भरलंय तुजं," तो म्हणाला आणि उठला. येतो म्हणाला नाही, पण सकाळी साडेसहाला आंघोळ करून दारात उभा होता. गोटीराममामा पहिल्या बसने उरणला गेले होते, चहा न घेता.

खारघरला आधी रक्त घेतलं. नर्सबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, बाहेरचं काही औषध घेतलं का? विमलबाई तोंड उघडणार तोच दिपेश म्हणाला, "घरात काढा होता. प्यायलो नाय. मागच्या दारी नारलाच्या बुंध्यात ओतला रोज."

"रोज?" विमलबाई ओरडल्याच.

"तुज्या फ्रिजवरच्या चिठ्ठीवर नंबर होता ना? पहिल्याच दिवशी मेसेज करून इचारलं मी. ती अबोलीताई बोलली, पिऊ नको."

म्हणजे शनिवारी ती मुलगी समोर बसून चहा देत होती तेव्हा तिला ठाऊक होतं? का तिने ओळखलंच नव्हतं, ही त्याच पोराची आई? विमलबाईंना रागवावं की पाया पडावं ते समजेना. एवढं मात्र कळलं, की जायचं नाही म्हणणारा पोर काढा ओतून जीव सांभाळत होता.

रक्ताचा रिपोर्ट ठीक आला. डॉक्टरांसमोर दोघं मायलेक बसले. विमलबाईंनी पदर घट्ट धरला, डॉक्टरांकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "माजा पोर बरा होईल काय?"

डॉक्टरांनी उत्तर त्यांना दिलं नाही, दिपेशला दिलं. "तुझ्या प्रकारात बहुतेक मुलं बरी होतात. बहुतेक म्हणजे सगळी नाहीत, हेही सांगतो. पण डोस मधेच सोडला तर मी काहीच सांगू शकणार नाही."

दिपेशने मान हलवली. जूनमधल्या यार्डाच्या कामाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, पुढे ढकलता येईल, तसं पत्र देतो. मग तो आईकडे वळला. "आता तू भायेर बस. मला एक इचारायचं हाय."

"माज्या समोर इचार की."

"नाय. भायेर."

विमलबाई बाहेर आल्या. बाकावर बसल्या, उठल्या, परत बसल्या. पुस्तिकेतली ती शेवटची ओळ आठवली. तेच विचारत असणार. त्याबद्दल लवकर विचारायचं होतं आणि इथे तर दोन डोस होऊन गेले. उशीर झाला असेल का? तो उशीर कुणामुळे? दाराची काच धूसर, आतलं काही दिसत नव्हतं. बाजारात वेणूबाईने कोलंबी काय भावाने काढली असेल, असं मधेच मनात आलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. नामस्मरण सुरू केलं, तेही चारदा तुटलं.

शेजारी एक बाई येऊन बसली. नवीन दिसत होती, छातीशी फाईल, सोबत सोळा-सतरा वर्षांची मुलगी, मान खाली घालून मोबाईलमध्ये.

"तुमचं कोण आहे?" त्या बाईने हळू आवाजात विचारलं.

"मुलगा. एकोनीस वर्साचा. कॅन्सर हाय, तिसरा डोस आज."

बाईने दचकून आधी मुलीकडे बघितलं. "आमच्या हिचं तसं नाही. हिला जरा पोटाचा त्रास आहे. अशक्तपणा."

मुलीचा अंगठा मोबाईलवर थांबला. तिने मान वर केली नाही.

विमलबाईंनी त्या बाईच्या फाईलीकडे बघितलं, मग त्या थांबलेल्या अंगठ्याकडे. आतून दिपेशचा आवाज अजून येत होता. त्या सरकून बसल्या आणि दोघींच्या मधली जागा हाताने थोपटली.

"इकडं ये गो बाय," त्या मुलीला म्हणाल्या. "नाव काय तुजं?"